नळाचे दुसरे टोक : सावित्री आणि वाशिष्ठीच्या खाड्यांतील लढा

सावित्री नदीचा नकाशा उघडून पाहा. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम, मग पोलादपूर, महाड, दासगाव, आणि शेवटी बाणकोटपाशी समुद्र. दासगावच्या खाली तिला नदी म्हणणे अवघड होते. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी आत शिरते, दोनदा ओहोटीने बाहेर जाते. या दोन्ही काठांच्या गावांना महाड तालुक्यात ‘खाडीपट्टा’ म्हणतात. तुडील याच पट्ट्यातले.

महाडची औद्योगिक वसाहत येथून बरीच वर, काळ नदीच्या बाजूला, बिरवाडीच्या परिसरात आहे. खाडीपट्ट्यातून तिची धुराडी दिसत नाहीत. तरीही कोकणातील प्रदूषणविरोधी लढ्यांचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर कारखान्याच्या फाटकापाशी उभे राहून भागत नाही. खाडीपट्ट्यात उतरावे लागते. कारण सांडपाणी वाहून नेणाऱ्या नळाला दोन टोके असतात. एका टोकाला नोकऱ्या, कंत्राटे, जमिनीचा मोबदला, निदान मोर्चा नेण्यासाठी एक फाटक तरी असते. दुसऱ्या टोकाला फक्त पाणी येते.

🧵

हे कारखाने कोकणात आले कसे? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. मुंबई-ठाण्यातील उद्योगांची दाटी कमी करून ते मागास भागांत न्यावेत, म्हणून १९६४ पासून राज्याने सवलतींच्या योजना आखल्या. हेतू चांगला होता. मुंबईच्या चाकरीवर जगणाऱ्या कोकणी घराला गावातच पगार मिळावा, यात वावगे काहीच नव्हते. पण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून महाड आणि लोटे परशुराम या वसाहतींत जे उद्योग मोठ्या संख्येने आले, ते रंग, औषधी रसायने, कीटकनाशके यांचे. अशा उद्योगांना तीन गोष्टी लागतात : भरपूर पाणी, मुंबईला जोडणारा महामार्ग, आणि वापरलेले पाणी सोडण्यासाठी जागा. तिसरी गरज जाहिरातींत लिहिली जात नसे. ती खाड्यांनी भागवली.

पोलादपूर सोडून कशेडी घाट उतरला की खेड लागते आणि पुढे लोटे परशुराम. ही वसाहत पठारावर आहे. उतार वाशिष्ठी आणि जगबुडीकडे, आणि त्या दोन्ही मिळून दाभोळच्या खाडीकडे. जिल्हा बदलतो, नदी बदलते, पण रचना महाडचीच : वर कारखाने, खाली भोई आणि कोळी. दोन्हीकडे अनेक कारखान्यांचे सांडपाणी एकत्र करून शुद्ध करणारी सामाईक प्रक्रिया केंद्रे उभी राहिली आणि ते पाणी नळाने खाली खाडीत सोडण्याची व्यवस्था झाली.

‘खाडीत सोडले की समुद्रात जाते’ ही त्या व्यवस्थेमागची समजूत. खाडीकाठच्या कोणत्याही बाईला विचारले असते, तर तिने ती खोडून काढली असती. ओहोटीने गेलेले पाणी सुमारे सहा तासांनी भरतीबरोबर पुष्कळसे परत येते. उधाणाच्या दिवसांत खाडीची चांगली ढवळाढवळ होते, भांगाच्या दिवसांत पाणी जेमतेम हलते. उन्हाळ्यात वरून येणारे गोडे पाणी आटले की हे येणेजाणे अधिकच मंदावते. सेंद्रिय भार जास्त असलेले सांडपाणी पाण्यातला विरघळलेला प्राणवायू ओढून घेते. आधी मरतो तो पळू न शकणारा जीव : चिखलातल्या शिवल्या, खडकावरची कालवे. मग कोलंबी, मग बोयटासारखा मासा. शिवल्या आणि कालवे काढण्याचे काम बायकांचे. त्यामुळे खाडी बिघडल्याची पहिली खबर बहुधा बायकांना लागते. त्या मात्र कोणत्याही तक्रार अर्जावर ‘मच्छीमार’ म्हणून नोंदल्या जात नाहीत.

आता कायद्याकडे वळू. जलप्रदूषणाच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. केंद्राचा कायदा १९७४ चा, तर राज्याचा स्वतःचा कायदा १९६९ चा. ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळही स्थापन झाले, तेच आजचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. पुढे १९८१ मध्ये राज्याने केंद्रीय कायदा स्वीकारला.

या केंद्रीय कायद्याचे २१ वे कलम इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावे. सांडपाण्याच्या नमुन्याचे विश्लेषण न्यायालयात पुरावा म्हणून चालायचे असेल, तर तो नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायला हवा, कारखानदाराला तशी नोटीस द्यायला हवी, त्याच्या उपस्थितीत नमुन्याचे दोन भाग करायला हवेत आणि बाटल्या मोहोरबंद करून त्यांवर सह्या व्हायला हव्यात. आरोपीचे हक्क जपणारी ही तरतूद आहे आणि त्या अर्थाने ती योग्यच. पण खाडीच्या बाजूने पाहिले तर तिचा परिणाम वेगळा होतो. पहाटे मेलेल्या माशांचा खच दिसतो. गावकरी तालुक्याला कळवतात. अधिकारी येईपर्यंत भरती-ओहोटीची एक फेरी होऊन गेलेली असते. मग नमुना प्रयोगशाळेत जातो, जिथे जैविक प्राणवायू मागणीची प्रचलित भारतीय चाचणीच मुळी २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते. त्या पहाटे होडीतल्या माणसाने प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून घेतलेले तांबूस पाणी हा एकमेव समकालीन पुरावा असतो, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य.

शिवाय १९८८ पर्यंत या कायद्याखाली खटला भरण्याचा अधिकार मंडळालाच होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर सामान्य नागरिकाला ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात जाता येऊ लागले. यामागे भोपाळ होते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर देशाचे पर्यावरण व कारखानेविषयक कायदे झपाट्याने बदलले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि त्यातील ‘४१ ख’ या कलमाने कारखान्यातील धोक्यांची माहिती परिसरातल्या जनतेलाही देणे मालकावर बंधनकारक केले.

सामाईक प्रक्रिया केंद्रांनी यात नवा गुंता निर्माण केला. छोट्या कारखान्यांना स्वतंत्र यंत्रणा परवडत नाही, म्हणून सर्वांचे मिळून एक केंद्र, ही कल्पना अर्थशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक. पण सर्वांचे पाणी एका टाकीत मिसळले की जबाबदारीही मिसळते. नळाच्या तोंडाशी येणारे पाणी कोणाचे, याचे उत्तर ‘सगळ्यांचे’ असे येते, आणि फौजदारी कायद्यात ‘सगळ्यांचे’ म्हणजे जवळजवळ ‘कोणाचेच नाही’.

लोट्याच्या लढ्याची सर्वांत ठाशीव नोंद सापडते ती एका सरकारी समितीच्या अहवालात. मार्च २०१० मध्ये केंद्राने प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ गट नेमला. या गटाने लोट्याला भेट दिली आणि लोकांचे ऐकून घेतले. अहवालातील तपशील जड मनानेच वाचावे लागतात. सामाईक केंद्राची क्षमता अपुरी आणि कामकाज सदोष होते. २००० साली वसाहतीजवळची सुमारे ३० शाळकरी मुले विषारी वायूने बेशुद्ध पडली होती. खेड शहराला पाणी पुरवणाऱ्या बोरज धरणात कोणीतरी टँकरने विषारी कचरा ओतला, शहराचा पाणीपुरवठा काही आठवडे बंद ठेवावा लागला, आणि पकडले कोणीच गेले नाही. केंद्राचे पाणी ज्या ओढ्यात जात होते, त्या काठच्या कोतवली गावच्या सरपंचाने तेच पाणी पिऊन आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यांना मुंबईला हलवून वाचवण्यात आले. ओढ्याची स्थिती बदलली नाही, असेही अहवाल पुढे नमूद करतो.

गावचा निवडून आलेला प्रमुख पुराव्यासाठी स्वतःचे शरीर वापरतो, याचा अर्थ काय? बाटलीतले पाणी पुरावा ठरत नव्हते, हे त्या गावाला पुरते कळून चुकले होते.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे आणि इतिहासकाराच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा. २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली १९१ दिवस जमावबंदी होती. हिशेब केला तर साधारणपणे दर चार दिवसांतला एक. राज्य सरकारच्या मंजुरीवाचून असा आदेश १५ दिवसांहून अधिक चालू शकत नाही, म्हणजे हे आदेश पुन्हा पुन्हा काढले गेले असणार. अहवालाने हा आकडा प्रदूषणाविरुद्धचा आवाज दडपल्याचा दाखला म्हणून दिला आहे. येथे थोडी सावधगिरी हवी : असे आदेश सणासुदीला, निवडणुकांनाही निघतात, तेव्हा प्रत्येक दिवस कारखान्यांच्या खाती टाकता येणार नाही. पण ज्या जिल्ह्यात मोर्च्याची तारीख ठरवण्याआधी जमावबंदी आहे का ते पाहावे लागते, तिथल्या आंदोलनाचा इतिहास वर्तमानपत्रांतल्या मोर्च्यांच्या बातम्या मोजून लिहिता येत नाही. शांततेच्या दिवसांमागेही कधी कधी एक आदेश असतो.

या अहवालाचेही पुढे तेच झाले. ऑगस्ट २०११ मध्ये तो मंत्रालयाला सादर झाला आणि फडताळात गेला. माहिती अधिकारात तो मागितला गेला, केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करण्याचा आदेश दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले, आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला.

महाडच्या संदर्भात या साऱ्याला एक जुनी पार्श्वभूमी आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर हक्क मिळाला, पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो लावला गेला. त्यानंतर सनातन्यांनी ‘विटाळलेले’ तळे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ‘शुद्ध’ केले. पुढे कोर्टकचेरी चालली ती मार्च १९३७ मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत. १९२७ च्या डिसेंबरातील परिषदेसाठी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडला आले ते याच सावित्रीच्या खाडीतून, दासगाव बंदरावर उतरून.

चवदार तळ्याचा संगर आणि खाडीतील सांडपाणी यांना एका तागडीत तोलणे चुकीचे ठरेल. पहिला माणूस म्हणून उभे राहण्याचा प्रश्न होता. पण ठराव संमत होणे आणि पाणी प्रत्यक्ष हाती येणे यांतले अंतर किती असू शकते, हे महाडइतके क्वचितच कोणत्या गावाने पाहिले असेल. आणि माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे ज्या गावात मानले जाई, त्याच गावच्या नदीत पुढे रसायनांचे पाणी आले तेव्हा १०८ घागरी घेऊन कोणी धावले नाही, हेही नोंदवून ठेवायला हरकत नाही.

प्रदूषण आणि अपघात हे दोन वेगळे विषय मानण्याची सवय सरकारी खात्यांना आहे. एक प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, दुसरा कारखाने निरीक्षकांकडे. गावांना ही विभागणी कधीच पटलेली नाही. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड औद्योगिक वसाहतीतील औषधी रसायनांच्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार मृत्युमुखी पडले. आत काय साठवले आहे, किती आहे, पेटले तर कोणत्या दिशेने पळायचे, हे प्रश्न ‘४१ ख’ कलमाने १९८७ सालीच विचारले होते. नळाच्या दोन्ही टोकांची माणसे शेवटी एकाच प्रश्नाशी येतात : आत काय आहे ते आम्हाला सांगा.

खाडीकाठच्या लोकांना थोडे यश मिळाले ते २०१० च्या राष्ट्रीय हरित लवाद कायद्यानंतर. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तिथे कारण बंदराच्या विस्ताराने बुजलेली खाडी आणि नष्ट झालेली कांदळवने हे होते, रसायने नव्हती. पण मासेमारीचा पारंपरिक हक्क पैशांत मोजता येतो, हे त्याने मान्य केले. जानेवारी २०२२ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या अर्जावर लवादाने तारापूर वसाहतीतील शंभराहून अधिक उद्योगांना आणि तिथल्या सामाईक प्रक्रिया केंद्राला भरपाई भरण्यास सांगितले. ‘सगळ्यांचे पाणी’ या सबबीला ‘मग सगळ्यांनी भरा’ असे उत्तर मिळाले. प्रकरण पुढे अपिलात गेले.

दोन्ही खटल्यांत निर्णायक ठरली ती मोजणी. उरणला कुटुंबे मोजली गेली, तारापूरला कारखाने. दाभोळच्या खाडीबाबत गाडगीळांनी वारंवार दिलेले आकडे असे आहेत : लोट्याच्या उद्योगांत रोजगार सुमारे ११,०००, आणि खाडी नासल्याने मासेमारीतून उठलेले सुमारे २०,०००. पहिला आकडा कारखान्यांच्या हजेरीपटावरून पडताळता येतो. दुसरा लोकांनी सांगितलेला आहे. ओहोटीला शिवल्या काढायला उतरणाऱ्या बायकांचा हजेरीपट कोणी ठेवलेला नव्हता.