जन्माआधीचा वाफसा

श्रोतेहो, गाय जुळी व्याली आणि त्यांत एक गोऱ्हा नि एक कालवड असली, तर ती कालवड पुढे बहुधा गाभण राहत नाही. शेकडा ९० हून अधिक वेळा असंच घडतं. लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांनी १७७९ साली अशा कालवडींच्या शरीररचनेचं वर्णन प्रसिद्ध केलं. कारणाचा उलगडा व्हायला मात्र पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. शिकागोचे प्राध्यापक फ्रँक लिली यांनी १९१७ च्या सुमारास दाखवून दिलं, की या जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींस मिळालेल्या असतात. भावाच्या रक्तातली द्रव्यं बहिणीच्या अंगात उतरतात आणि तिची घडणच बदलते.

१९४७ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड जोस्त यांनी सशांवर प्रयोग केले. पोटातल्या नर गर्भाचे वृषण वेळीच काढले, तर त्याचं शरीर मादीच्या वळणावर जातं, असं त्यांना आढळलं. म्हणजे नराची घडण वृषणांतून पाझरणाऱ्या हॉर्मोनांवर अवलंबून असते.

आता प्रश्न असा, की पिल्लाला पोटात हे हॉर्मोन किती मिळालं, हे जन्मल्यावर कळावं कसं? याचं उत्तर उंदराच्या शेपटीखाली सापडलं. गुदद्वार आणि जननेंद्रियाचा उंचवटा यांच्यामधलं अंतर नर पिल्लात मादीच्या साधारण दुप्पट असतं. सारा हिशेब अवघ्या काही मिलिमीटरांचा! म्हणून पिल्लू भिंगाखाली धरून मोजतात. मोठ्या पिल्लाचं अंतर सहजच थोडं जास्त भरतं, तेव्हा वजनाचाही हिशेब धरावा लागतो. आणि पिल्लू कोणत्या आईचं, हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. नाहीतर मन आधीच एका बाजूला कलतं.

हे माप किती बोलकं आहे पाहा. अमेरिकेत फ्रेडरिक व्हॉम साल आणि फ्रँकलिन ब्रॉन्सन यांनी १९८० साली लहान जातीच्या उंदरांविषयी एक शोध प्रसिद्ध केला. गर्भाशयात उंदराची पिल्लं शेंगेतल्या दाण्यांसारखी ओळीनं असतात. दोन भावांच्या मध्ये वाढलेल्या मादीत हे अंतर इतर बहिणींपेक्षा जास्त भरलं. शेजाऱ्यांचं हॉर्मोन तिच्यापर्यंत पोचलं होतं.

शेतकरी बंधूंनो, पेरणीला जसा वाफसा लागतो, तसाच इथेही आहे. एकदा वाफसा हुकला, की मागाहून कितीही पाणी द्या, पेर साधत नाही. पांढऱ्या उंदराची मादी सुमारे २२ दिवस गाभण असते. त्यांतल्या १६ ते १८ व्या दिवसांच्या आसपास नराची घडण ठरून जाते, असं २००८ साली एडिंबरोच्या संशोधकांनी दाखवलं. त्या वेळी हॉर्मोनाचं काम अडलं, तर नराचं ते अंतर कमी राहतं.

या ज्ञानाची कसोटी लागली ती विंक्लोझोलिन नावाच्या बुरशीनाशकावर. द्राक्षं, स्ट्रॉबेरी अशा पिकांवर ते फवारलं जाई. १९९४ साली अमेरिकेतले अर्ल ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी ते गाभण माद्यांना देऊन पाहिलं. नर पिल्लांचं अंतर माद्यांसारखं आखूड झालं. नर उंदरांत एरवी न दिसणारी स्तनाग्रं राहिली, आणि लिंगातही व्यंगं आली. आया मात्र धडधाकट दिसत होत्या! केवळ आईकडे पाहून औषध निर्धोक ठरवलं असतं, तर केवढी फसगत झाली असती!

आज रसायनं तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतींत ही मोजणी घातलेली आहे. उंदराला लागू ते माणसाला जसंच्या तसं लागू, असं मात्र म्हणता येत नाही. मात्रा वेगळी, शरीर वेगळं. पण इशारा ऐकावा. फवारणी चालू असताना गरोदर बाईला त्या रानात जाऊ देऊ नये, फवाऱ्याचे कपडे तिला धुवायला देऊ नयेत. आणि गुरुजींनी मुलांना एवढं जरूर सांगावं, की चार मिलिमीटर नीट मोजणं हेही मोठं काम असतं.