‘व्हॉट इज युअर नेम’च्या पुढचे प्रश्न

मैत्रिणींनो, मावशींनो, आणि नुकत्याच शेतातून येऊन रेडिओजवळ टेकलेल्या वहिनींनो. मागच्या वेळी कर्जाच्या हप्त्यांवर बोलले, तेव्हा दोन-तीन गटांकडून निरोप आला की ताई, आम्हाला थोडं इंग्रजी बोलायला शिकवा. शिकवू की. पण त्याआधी ही भाषा आपल्या नांदेड-लातूरकडे कशी आली आणि तिच्याआधी कोणकोणत्या भाषा आपल्याला प्रश्न विचारून गेल्या, ते ऐका. बी.ए.ला इतिहास घेतला होता, तो कधीतरी कामाला यायचाच.

आपल्या गटाची वही डोळ्यांसमोर आणा. जमा, खर्च, बाकी, हिशेब, कर्ज, हप्ता, रक्कम, जामीन. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. हप्ता म्हणजे फारसीत आठवडा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी हिशेब हा शब्द काही जागचा हलला नाही. आता त्याच वहीत आणखी खाली या. बँक, लोन, पासबुक, मीटिंग, ऑडिट, नॉमिनी. ‘मला इंग्रजीतलं काही येत नाही’ म्हणणाऱ्या बाईने एकदा बोटांवर मोजावं. हातापायांची बोटं पुरणार नाहीत. शब्द आपल्याकडे आहेत. अडतं ते समोरचा काही विचारतो तेव्हा.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे आपल्याला मुक्तिदिनामुळे माहीत असतं. पण भाषेच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, ते फारसं कोणी सांगत नाही. पुण्या-मुंबईकडे इंग्रजांचं राज्य, तिकडे वरच्या कारभाराची भाषा इंग्रजी. आपल्याकडे आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं वरचं शिक्षण उर्दूतून आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. म्हणजे आपल्या गावचं पोरगं घरी मराठी बोलणार, वरच्या वर्गात उर्दू शिकणार आणि त्यातून तरलं तर इंग्रजीला हात लावणार. पोरगं म्हणाले. पोरगी त्या वाटेवर क्वचितच दिसायची. तहसिलीत उर्दूत विचारलं जायचं, घरचा पुरुष जमेल तसं उत्तर द्यायचा आणि बाई दाराआड. त्या काळचे जमिनीचे कागद अजून कुणाच्या ट्रंकेत असतील, तर ते वाचायला माणूस शोधावा लागतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा सरकारलाही मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. ज्या भाषेत आपली जमीन लिहिली गेली, ती भाषा आपल्या आज्यांना कुणी शिकवलीच नव्हती.

त्याच सुमाराला तिकडे पुण्याकडे काय चाललं होतं, तेही पाहू. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याबद्दल लिहिलं होतं. पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघरी गेली. आधी शब्दांची यादी, मग नियम, मग मराठी वाक्याचं इंग्रजी करा आणि इंग्रजीचं मराठी. या पुस्तकांवर पिढ्या शिकल्या, आणि ती चांगलीच पुस्तकं होती. फक्त त्यात समोर माणूस नसतो. वाक्य कागदावर बरोबर आलं की झालं.

रमाबाई रानडे अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. न्यायमूर्तींनी पाटीपासून सुरुवात करून दिली. पुढे इंग्रजीसाठी मिस हरफर्ड नावाच्या बाई घरी यायला लागल्या, तर घरातल्या बायकांनी काय करावं? मडमेला शिवलीस, आता अंघोळ कर. शिकल्याचा दंड म्हणून गार पाणी! पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावं यासाठी रमाबाईंनी मुंबईच्या गव्हर्नरसमोर इंग्रजीतून निवेदन वाचलं, त्यावरूनही घरात टोमणे खावे लागले. ते हायस्कूल १८८४ मध्ये सुरू झालं, तेच हुजूरपागा. हे सगळं त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. ज्या ताईच्या घरी ‘आता म्हातारपणी मडम होणार का’ असं म्हणतात, तिनं ते पुस्तक मिळवून वाचावं.

पण मला जास्त जवळची वाटते ती आनंदीबाई जोशी. डॉक्टर झाल्या एवढं आपण सगळ्या जाणतो. त्यांच्या एका भाषणाबद्दल मात्र कमी बोललं जातं. २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमध्ये, सेरामपूरच्या कॉलेजात त्या बोलायला उभ्या राहिल्या. नवरा गोपाळराव तिथं टपाल खात्यात नोकरीला. अमेरिकेला शिकायला जायचं ठरलेलं, आणि जो तो येऊन विचारणार. वय सतरा, अठरावं पुरं व्हायला महिनाभर बाकी. समोर बसलेले शिकलेले लोक. आणि त्या इंग्रजीत बोलल्या.

भाषण कसं रचलं होतं पाहा. लोक जे विचारत होते, ते प्रश्न त्यांनी स्वतःच एकापुढे एक मांडले आणि एकेकाला उत्तर दिलं. अमेरिकेला का जाते? शिकायची सोय हिंदुस्थानात नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? तिकडे काही संकट आलं तर काय करशील? आणि शेवटी, आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करायचं? सहा प्रश्न, सहा उत्तरं. मला हे वाचताना आपल्या वस्तीवरच्या पारावरचीच माणसं दिसली. मुलगी नर्सिंगला लातूरला जाते म्हटलं की आजही हेच विचारतात, क्रमसुद्धा फारसा बदलत नाही.

हे इंग्रजी त्या एकट्या पाठमालेवर शिकल्या नव्हत्या. गोपाळराव कडक मास्तर होते, कधीकधी नको तितके कडक. पण शिवाय अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंशी त्यांची पत्रं चालत. त्या बाई विचारायच्या, तुमच्याकडे लग्न कसं होतं, काय खाता, काय नेसता; आनंदीबाई सांगायच्या आणि उलट विचारायच्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात गेल्या. बाविसावंही पुरं झालं नव्हतं. एवढ्या लहान आयुष्यात एवढं बोलून गेली ती पोर.

आता आपल्याकडे परत येऊ. १९४८ नंतर शाळा मराठी झाल्या. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आलं. आता आपल्या पोरांना बाहेर हैदराबादकडे पाहायची गरज उरली नाही. इंग्रजी मात्र पाचवीपासून, तेही फळ्यावरच. माझ्या पिढीने असंच शिकलं. निबंध पाठ, ‘माय मदर’ पाठ, ‘द काऊ’ पाठ. २००० सालापासून सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं, त्यामुळे आज आपली लेकरं रंगांची नावं धडाधड म्हणतात. पण ‘हा रंग तुला का आवडला?’ असं विचारलं की बघत राहतात.

या फळ्याच्या पद्धतीला एक चांगली तोड निघाली ती रेडिओवरच, म्हणून इथं सांगायला मला विशेष आनंद वाटतो. १९७० च्या दशकात निकाराग्वा देशात गणितासाठी आणि १९८० च्या दशकात आफ्रिकेतल्या केनियात इंग्रजीसाठी असे पाठ झाले. रेडिओ प्रश्न विचारतो आणि थांबतो. त्या शांततेत वर्गातली सगळी लेकरं मोठ्याने उत्तर देतात. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगतो. मास्तरांचं इंग्रजी कच्चं असलं तरी लेकराचं तोंड उघडतं. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी शाळांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ नावाने असेच पाठ तयार केले. यातली खरी युक्ती आहे ती थांबण्याची. शिकवणाऱ्याला थांबणं फार जड जातं, हे मला रोज कळतं.

तशी ही युक्ती आपल्याला नवी नाहीच. ‘नाव घे’ म्हटलं की सगळा मांडव गप्प होतो आणि लाजरीतली लाजरी सून यमक जुळवून नाव घेते. कलगी-तुऱ्यात सवाल-जवाब चालतात. आणि देगलूरचा बाजार पाहा. तिथं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषा कानावर पडतात. शाळेत न गेलेली भाजीवाली मावशी चारही भाषांत भाव करते. तिला कुणी व्याकरण शिकवलं? तिचा तेलुगूतला पहिला शब्द ‘एंत’, कन्नडमधला पहिला शब्द ‘एष्टु’. दोन्हीचा अर्थ एकच, केवढ्याला? म्हणजे ती भाषा शिकली ती प्रश्नापासून. इंग्रजी मात्र आपण उत्तरापासून शिकतो. माय नेम इज अमुक, आय लिव्ह इन तमुक, आणि सगळ्यात आधी, यस सर.

या ‘यस’ची एक गोष्ट सांगते. गावाचं आणि बँकेचं नाव घेत नाही. एका गटातल्या ताई कर्जाच्या कागदांवर सह्या करत होत्या. साहेबाने भराभर इंग्रजी-मराठी मिसळून काहीतरी विचारलं, त्यात ‘इन्शुरन्स’ आणि ‘डिडक्ट’ हे शब्द होते. ताईंनी यस म्हटलं. रक्कम हातात आली तेव्हा विम्याचे पैसे कापलेले. तो विमा घेणं-न घेणं त्यांच्या मर्जीवर होतं, हे त्यांना नंतर कळलं. ताई दहावी पास आहेत. इन्शुरन्स हा शब्द त्यांना येत होता. ‘व्हाय?’ हा शब्दही येत होता. पण व्हाय हा शब्द आपण साहेबाला म्हणायचा असतो, हे कुठल्या पुस्तकात होतं?

म्हणून आमच्या गटांत बचतीची बैठक संपली की दहा मिनिटं सवाल-जवाब चालतात, आणि त्यात नियम एकच. जिला प्रश्न विचारला, तिने उत्तर देऊन लगेच उलट प्रश्न विचारायचा. ‘व्हॉट डू यू सेल?’ ‘आय सेल पापड. व्हॉट डू यू सेल?’ ‘आय सेल मिर्ची पावडर. हाऊ मच इज युअर पापड?’ चुकलं तरी कुणी मध्येच दुरुस्त करायचं नाही. वाक्य मोडकं आलं तरी चालतं, भाव बरोबर आला पाहिजे.

वाक्प्रचारही असेच येतात, यादी पाठ करून येत नाहीत. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हटल्यावर एका मावशींनी पत्र्यावर मांजरं पडतात का म्हणून विचारलं, आणि सगळ्या हसल्या. मग मी म्हटलं, आपल्या पावसात तरी मुसळं कुठं पडतात? मुसळधार म्हणतोच ना. आपण ‘पोटात कावळे ओरडतात’ म्हणतो. ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं तर ऐकणारा डॉक्टर बोलावेल. ‘पीस ऑफ केक’ म्हणजे हातचा मळ. आणि बायकांना सगळ्यात लवकर उमगला तो ‘मेक बोथ एंड्स मीट’. दोन्ही टोकं जुळवणं. आपण त्याला तोंडमिळवणी म्हणतो, आणि ती तर आपण रोजच करतो. ‘डू यू मेक बोथ एंड्स मीट?’ असं विचारलं, तर एका ताईंनी उत्तर दिलं, ‘सोयाबीन गुड, यस. सोयाबीन बॅड, नो.’ व्याकरण तपासायची माझी हिंमत झाली नाही.

तर आता वेळ थोडा आहे, सराव करू. चार वाक्यं आधी माझ्यामागे म्हणा. हाऊ मच? व्हाय? व्हॉट डज धिस मीन, म्हणजे याचा अर्थ काय? आणि चौथं, प्लीज टेल मी इन मराठी. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणा. आता मी बँकेतला साहेब होते. कागद तुमच्याकडे सरकवते आणि म्हणते, ‘साइन हिअर.’

मी थांबले. विचारा.