दोर, पिंप आणि नायगारा

नायगारा नदीची लांबी जेमतेम 56 किलोमीटर. ईरी सरोवराचे पाणी ऑन्टॅरिओ सरोवरात पोचवणे एवढेच तिचे काम. पण वाटेत ती दीडशे फुटांहून अधिक खोल कोसळते, पुढे एका अरुंद घळीत शिरते आणि तिथे तिचा प्रवाह असा खवळतो की त्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. एक काठ अमेरिकेचा, दुसरा कॅनडाचा. गेली जवळजवळ दोनशे वर्षे माणसे या घळीवर दोर बांधून चालली, खवळत्या पाण्यात पोहली आणि पिंपात बसून धबधब्यावरून खाली आली. याला धाडस म्हणावे की आचरटपणा, हा वाद तेव्हाही होता. पण या उचापतींचा इतिहास क्रमाने पाहिला, तर सुरुवात धाडसी माणसापासून होत नाही. ती हॉटेलवाल्यांपासून होते.

1825 मध्ये ईरी कालवा खुला झाला आणि न्यूयॉर्ककडच्या प्रवाशांना नायगारा गाठणे सोपे झाले. प्रवासी येत, धबधबा पाहत आणि निघून जात. त्यांनी मुक्काम वाढवावा म्हणून दोन्ही काठांवरच्या हॉटेलवाल्यांनी सप्टेंबर 1827 मध्ये वर्गणी काढून ‘मिशिगन’ नावाचे एक जुने जहाज विकत घेतले, त्यावर अस्वले, रानरेडा आणि इतर काही जनावरे चढवली आणि ते धबधब्यावर सोडून दिले. हजारो लोक पाहायला लोटले. अस्वलांनी वेळीच पाण्यात उडी टाकून बेट गाठले. जहाजाच्या फळ्या झाल्या आणि खाली वाचलेले एक बदक-हंसाच्या जातीचे पाखरू तेवढे हाती लागले. हा प्रकार क्रूर होता यात शंका नाही. पण त्यातून एक हिशेब सर्वांना कळला: नुसत्या धबधब्यापेक्षा धबधब्याच्या तोंडाशी असलेला जीव जास्त गर्दी खेचतो.

दोन वर्षांनी त्या जागी माणूस आला. सॅम पॅच हा ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावच्या सूतगिरणीतला कामगार. गिरणीच्या धरणावरून नदीत उड्या मारणे हा तिथल्या पोरांचा खेळ, आणि पॅचने त्याचाच धंदा केला. ऑक्टोबर 1829 मध्ये त्याने नायगाराच्या दोन धबधब्यांमधल्या गोट आयलंडवर शिडीचा मचाण उभारून दोनदा खाली उडी घेतली आणि दोन्ही वेळा तो हसत वर आला. पुढच्याच महिन्यात, 13 नोव्हेंबरला, रॉचेस्टर येथील जेनेसी धबधब्यावरून उडी मारताना तो मेला. प्रेत सापडायला वसंत ऋतू उजाडावा लागला. ज्याच्या कष्टाला गिरणीत नाव नव्हते, त्याच्या नावाची कवने आणि नाटके मरणानंतर देशभर झाली. एका गिरणी कामगाराला 1829 च्या अमेरिकेत प्रसिद्धीचा दुसरा कोणता रस्ता मोकळा होता, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा.

नायगाराच्या धाडसांना कलेचा दर्जा मिळाला तो 1859 च्या उन्हाळ्यात. तोपर्यंत घळीवर झुलता रेल्वेपूल झाला होता आणि प्रेक्षकांना गाडीने थेट काठावर आणून सोडता येत होते. ‘ब्लाँडिन’ या नावाने ओळखला जाणारा ज्याँ-फ्रान्स्वा ग्राव्हले हा फ्रेंच कसरतपटू त्या वेळी 35 वर्षांचा होता. पाचव्या वर्षापासून तो दोरावर होता. घळीच्या दोन्ही काठांना बांधलेला मनिला तागाचा त्याचा दोर सुमारे 1,100 फूट लांब होता. एवढ्या लांबीचा दोर कितीही आवळला तरी मध्ये लोंबतोच, त्यामुळे ब्लाँडिनला अर्धी वाट उतरायची आणि अर्धी चढायची होती. दोर डुलू नये म्हणून बाजूंनी ताणदोर बांधले होते, पण अगदी मधल्या टप्प्यात ते बांधणे शक्य नव्हते आणि तेवढा भाग वाऱ्याच्या हवाली होता. हातात तोल सांभाळायची लांबलचक काठी. आपल्याकडे डोंबाऱ्याच्या पोरीच्या हातात बांबू असतो, तोच न्याय: काठी जितकी लांब तितके शरीर कलंडायला जास्त वेळ घेते, आणि सावरायला तेवढीच सवड मिळते.

30 जून 1859 रोजी ब्लाँडिन पहिल्यांदा पलीकडे गेला. वाटेत थांबून त्याने खालच्या ‘मेड ऑफ द मिस्ट’ बोटीपर्यंत दोरी सोडली, दारूची बाटली वर ओढून घेतली, दोन घोट घेतले आणि तो पुढे चालू लागला. त्याची खरी युक्ती इथे दिसते. चालणे हे एकदाच नवे असते. दुसऱ्या खेळाला तोच प्रेक्षक पुन्हा पैसे देऊन यायचा असेल, तर काहीतरी वाढवावे लागते. म्हणून तो डोळे बांधून गेला, पोत्यात शिरून गेला, हातगाडी ढकलत गेला, आणि एकदा तर लहानशी शेगडी पाठीवर घेऊन मधोमध बसला व तिच्यावर आम्लेट करून खाली बोटीतल्या लोकांना पाठवले. ऑगस्टमध्ये त्याने आपला व्यवस्थापक हॅरी कोलकॉर्ड याला पाठुंगळी घेतले. वाटेत दम खाण्यासाठी कोलकॉर्डला अनेकदा खाली, त्याच दोरावर, उतरून उभे राहावे लागले. सबंध खेळात हा एकच माणूस भेदरलेला होता, आणि जोखमीचे खरे माप त्याच्याकडे होते असे म्हणायला हरकत नाही.

काठावर ब्लाँडिन पडणार की नाही यावर पैजा लागत. वर्तमानपत्रे त्याला मूर्ख म्हणत आणि त्याचीच बातमी रकानेच्या रकाने भरून छापत. प्रेक्षकाला नेमके काय पाहायचे होते? मृत्यू पाहायचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. पडणारच अशी खात्री असलेल्या माणसाला पाहायला सहकुटुंब कोणी जात नाही, आणि पडणार नाही अशी खात्री झाली की तिकीट खपत नाही. या दोन खात्रींच्या मधली जी अरुंद जागा, तिथेच हा धंदा चालतो. आम्लेट हे त्या जागेसाठीच होते. जिवावरच्या प्रसंगी कोणी स्वयंपाक करू लागला की बघ्याची भीती आणि हसू एकदमच बाहेर पडते.

स्वतः ब्लाँडिनला आपण जोखीम घेतो असे वाटत नसावे. दोर तो स्वतः तपासून बांधून घेई. 1861 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने आपल्या लहान मुलीला हातगाडीत बसवून उंच दोरावरून नेले, तेव्हा ब्रिटनच्या गृहमंत्र्याने तो प्रकार बंद करायला लावला. बापाला त्यात वावगे दिसले नव्हते. सत्तरी ओलांडल्यावरही तो दोरावर चालत होता. 1897 मध्ये लंडनजवळच्या ईलिंग येथे, ‘नायगारा हाऊस’ असे नाव दिलेल्या आपल्या घरी, तो मधुमेहाने वारला.

यश दिसले की नकला होतात. 1860 मध्ये विल्यम लेनर्ड हंट हा तरुण ‘फारिनी’ असे इटालियन नाव घेऊन उतरला. ब्लाँडिनने शेगडी नेली, म्हणून याने कपडे धुण्याचे यंत्र पाठीवर नेले, नदीतून पाणी शेंदले आणि बायकांचे रुमाल दोरावरच धुतले. फारिनी पुढे इंग्लंडला गेला आणि माणसाला तोफेतून उडवण्याचा खेळ त्याने बसवला. 1877 मध्ये लंडनला त्याने उडवलेली पहिली ‘तोफेचा गोळा’ एक किशोरवयीन मुलगी होती. तोफेत स्प्रिंग असे, दारूचा उपयोग फक्त आवाजापुरता. त्याआधी 1876 च्या जुलैत मारिया स्पेल्टेरिनी ही इटालियन तरुणी पायांत फळांच्या टोपल्या बांधून नायगाराच्या दोरावरून गेली. ही घळ दोरावरून ओलांडणारी ती एकमेव स्त्री.

यानंतर दोर मागे पडला. न्यूयॉर्क राज्याने 1885 मध्ये धबधब्याभोवतीची जमीन सार्वजनिक उद्यान म्हणून ताब्यात घेतली. कॅनडाच्या बाजूलाही थोड्याच वर्षांत तसेच झाले. दोर बांधायचा तर दोन्ही काठांवर जागा आणि परवानगी लागते, पाण्यात शिरायला काही लागत नाही. पण या बदलाबरोबर धाडसाची जातच बदलली. दोरावरचा माणूस प्रत्येक पावलाला आपले कौशल्य वापरत असतो. पाण्यात शिरलेल्याला काही क्षणांनंतर करण्यासारखे काहीच उरत नाही. इंग्लिश खाडी पोहणारा पहिला माणूस कॅप्टन मॅथ्यू वेब हाही त्याला अपवाद ठरला नाही. 1875 मध्ये 21 तास 45 मिनिटांत खाडी पार करून तो देशाचा लाडका झाला होता. कीर्ती ओसरली, संसाराला पैसा कमी पडू लागला, आणि 24 जुलै 1883 रोजी तो घळीतल्या खवळत्या पाण्यात उतरला. तो जिवंत बाहेर आला नाही. वय 35.

1886 मध्ये कार्लाइल ग्रॅहम नावाच्या पिंपे बनवणाऱ्या कारागिराने स्वतः बांधलेल्या पिंपात बसून तेच पाणी पार केले. पिंपाची वाट अशी मोकळी झाली, तरी धबधब्यावरून कोणी गेले नव्हते. ते केले एका निवृत्तीला आलेल्या शिक्षिकेने. ॲनी एडसन टेलर ही विधवा बाई मिशिगन राज्यातल्या बे सिटीत नृत्य आणि शिष्टाचार शिकवी. वर्ग बंद पडला, साठी उलटली, शिल्लक संपत आली. 1901 मध्ये शेजारच्या बफेलो शहरात मोठे प्रदर्शन भरले होते आणि लाखो लोक तिकडे येत होते. टेलरबाईंनी ओक लाकडाचे पिंप आपल्या मापाने करून घेतले, आत गाद्या भरल्या आणि ते उभे तरंगावे म्हणून तळाशी ऐरण बसवली. हवा सायकलच्या पंपाने भरली. 24 ऑक्टोबरला, आपल्या 63व्या वाढदिवशी, त्या हॉर्सशू धबधब्यावरून खाली गेल्या आणि डोक्याला एक खोक पडून जिवंत बाहेर आल्या. पुन्हा कोणी हे करू नये, असेच त्यांनी सांगितले.

पुढची कथा मात्र करुण आहे. व्याख्यानांना गर्दी जमेना, कारण लोकांना तरुण नायिका हवी होती. बाईंनी वय वीस वर्षांनी कमी सांगितले, तरी त्याचा उपयोग झाला नाही. व्यवस्थापक पिंप घेऊन पळाला आणि ते शोधण्यात उरलेसुरले पैसे गेले. धबधब्याजवळ आपली चित्रे विकत त्यांनी दिवस काढले. 1921 मध्ये त्या गरिबीत वारल्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्व्हिन झकरमन यांनी 1964 मध्ये उत्तेजनेची ओढ मोजणारी प्रश्नावली तयार केली, आणि ही ओढ माणसागणिक कमी-जास्त असते हा विचार तेव्हापासून रुजला. ब्लाँडिनला किंवा फारिनीला ते माप लागू पडेलही. टेलरबाईंना लागू पडत नाही. त्यांना थरार नको होता, म्हातारपणची सोय हवी होती.

नंतरच्यांत हे दोन्ही हेतू कमी-अधिक मिसळलेले दिसतात. 1911 मध्ये बॉबी लीच पोलादी पिंपातून उतरला, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या आणि जबडा मोडून बसला, आणि पुढे अनेक वर्षे त्याच कथेवर जगला. 1926 मध्ये न्यूझीलंडमध्ये संत्र्याच्या सालीवरून पाय घसरला, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. ब्रिस्टलचा न्हावी चार्ल्स स्टीव्हन्स याने 1920 मध्ये ऐरण स्वतःच्या पायांना बांधून घेतली. पिंप आधी रिकामे सोडून पाहा, असे लीचने त्याला बजावले होते. त्याने ऐकले नाही. पाण्यावर आदळताच ऐरण तळ फोडून त्याला घेऊन गेली आणि पिंपात एक हात तेवढा सापडला. 1928 मध्ये ज्याँ लुसिए रबरी चेंडूत बसून सुखरूप उतरला आणि चेंडूतल्या ट्यूबांचे तुकडे आठवण म्हणून विकू लागला. ते संपल्यावर टायरच्या दुकानातले तुकडे त्याच भावाने गेले. 1930 मध्ये जॉर्ज स्टाथाकिस हा आचारी आपले पुस्तक छापायला पैसे मिळावेत म्हणून उतरला. पिंप पाण्याच्या पडद्यामागे कित्येक तास अडकले आणि तो गुदमरून मेला. त्याच्याबरोबरचे कासव वाचले.

1951 मध्ये रेड हिल ज्युनियर ट्यूबा जाळ्यात बांधून केलेल्या तराफ्यातून गेला आणि मेला. त्याच्या वडिलांनी या नदीतून अनेकांना बाहेर काढले होते, म्हणून हा मृत्यू गावाला जास्त लागला. त्यानंतर ऑन्टॅरिओ सरकारने बंदी कडक केली. तरीही अधूनमधून कोणीतरी उतरतच राहिले. जे वाचले त्यांना अटक आणि दंड झाला.

दोराला मात्र एकदा परवानगी मिळाली. 15 जून 2012 रोजी निक वॉलेंडा थेट धबधब्यावरून, सुमारे 1,800 फूट लांब पोलादी तारेवरून, अमेरिकेतून कॅनडात गेला. दूरचित्रवाणी कंपनीच्या आग्रहाखातर त्याच्या कमरेला सुरक्षादोर होता. पलीकडे पोचल्यावर सीमा अधिकाऱ्यांनी त्याला पासपोर्ट मागितला आणि तो त्याने खिशातून काढून दिला. परवानगी देताना कॅनडाच्या उद्यान आयोगाने अट घातली होती: असा खेळ वीस वर्षांतून फार तर एकदा होईल, आणि तोही केवळ व्यावसायिक कसरतपटूला करता येईल. पिंपाला परवानगी नाही.