कपाट आधी की दार?

उन्हाळा लागला की मराठी वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास येतो: ‘केदारनाथचे कपाट उघडले’. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे क्षणभर लोखंडी कपाट उभं राहतं, आरशाचं, हँडल फिरवून उघडायचं, आणि आत साक्षात महादेव. बातमी हिंदीतून घाईघाईने उतरवलेली असते, एवढंच. पण हसून सोडून देण्याआधी जरा थांबावं. या शब्दापुरती हिंदीची बाजू बरोबर आहे आणि सरकलोय आपण.

संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. अमरकोशात ‘कपाट’ आणि ‘अरर’ हे शब्द समानार्थी म्हणून शेजारी बसवलेले आहेत, आणि दोन्हींचा अर्थ दार लावायची झडप हाच. हा शब्द लोकांच्या तोंडी झिजत गेला तेव्हा हिंदीत त्याचं किवाड झालं, गुजरातीत कमाड आणि मराठीत कवाड. हिंदीने झिजलेलं किवाड घराला ठेवलं आणि न झिजलेलं कपाट देवळाला दिलं. मराठीने वाटणी वेगळी केली. दाराला कवाड राहिलं आणि अख्खं संस्कृत कपाट कपडे-भांडी ठेवायच्या लाकडी खोक्याकडे गेलं. आपण त्या खोक्याला त्याच्या दाराचं नाव दिलं.

यामागचं कारण जुन्या घरांत सापडतं, असं मला वाटतं. खानदेशातली धाब्याची घरं पाहा. भिंती मातीच्या आणि चांगल्या जाड. वस्तू ठेवायची जागा त्या भिंतीतच कोरलेली: दिव्याला देवळी, किरकोळ चीजवस्तूंना कोनाडा. त्याच पोकळीला आडव्या फळ्या आणि पुढे दार लागलं की तिचं फडताळ होई. म्हणजे कोनाड्यात आणि फडताळात मोठा फरक दाराचाच. जमिनीवर उभं राहणारं सामान उघडंच असे. भांड्यांना मांडणी, पाण्याच्या घड्यांना घडवंची. ‘घडवंची’त घट आणि मंच हे दोन्ही शब्द सुखाने नांदताहेत. तेव्हा भिंत सोडून खोलीत आलेलं, दारं लावलेलं खोकं लोकांनी दारावरूनच ओळखलं असेल, तर त्यात नवल नाही.

इंग्रजीत नेमकं उलट घडलं. तिथला कबर्ड हा मुळात पेले मांडायचा उघडा ‘बोर्ड’, म्हणजे फळी. दारं त्याला नंतर लागली. त्यांच्याकडे फळीला दारं फुटली, आपल्याकडे दाराला खोकं. मराठीत कपाटाला ‘कबाट’ म्हणणारे पुष्कळ आहेत, गुजरातीत तर तेच रूप रुळलं आहे. त्या ‘ब’मागे कबर्डचा हात असावा, हा तर्क मला पटतो. आलमारीची गोष्ट तिसरीच. ती पोर्तुगिजांच्या ‘आर्मारिओ’वरून आली, आणि तिचं लॅटिन मूळ हत्यारं ठेवायच्या जागेचं. कॅबिनेट म्हणजे छोटी खोली. त्या खोलीत राजाचे सल्लागार बसू लागले आणि पुढे सल्लागारांनाच कॅबिनेट म्हणू लागले. वस्तू साधारण एकच, पण कुणी तिला हत्यारांवरून नाव दिलं, कुणी पेल्यांवरून, कुणी खोलीवरून. आपण दारावरून दिलं.

हे सगळं आठवायला निमित्त झालं भडगावातल्या एका सुतारकामाच्या शेडचं. गिरणाकाठच्या या तालुक्याच्या गावीही आता टीव्हीखाली ठेवायचं लांबट, बुटकं कपाट हवं असतं, आणि त्याला मोबाइलवर पाहिलेली सरकती दारं. वर काळी लोखंडी पट्टी, तिच्यावर दाराची दोन-दोन उघडी चाकं, दारावर तिरप्या फळीचा ठोकळ नक्षा. या दारांना इंग्रजीत बार्न डोअर म्हणतात. शेडमध्ये दार पट्टीवर टांगून पाहिलं, ते खाली घासत होतं. मिस्तरींनी डोळा बारीक करून फट बघितली आणि म्हणाले, “दोन सूत घासनं पडी.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटरच्या टेपा खिशात आल्या तरी सुताराच्या तोंडून सूत गेलेलं नाही, आणि जाऊ नये, कारण त्याचं स्वतःचं नावच त्यावर उभं आहे. ‘सूत्रधार’ झिजून ‘सुतार’ झाला. रेघ मारायला रंगात भिजवलेला दोरा ताणून धरतो तो सूत्रधार. हाच शब्द नाटकाच्या रंगमंचावर गेला आणि न झिजता मानाने राहिला, लाकडाच्या भुशात मात्र तो सुतार झाला. विदर्भात त्याला वाढईही म्हणतात. ते संस्कृत ‘वर्धकि’चं रूप, हिंदीतल्या बढईचं भावंड. आणि समोर आदराने हाक मारायचं ‘मिस्तरी’ हे पोर्तुगीज ‘मेस्त्र’, म्हणजे उस्ताद.

त्यांच्या पेटीत तर भाषांचं संमेलनच भरलेलं असतं. करवत अस्सल संस्कृत ‘करपत्र’. रंधा फारसी ‘रंदा’, फक्त आपण त्याला एक हकार जास्त दिला. काटकोन बघायचा गुण्या, जो शाळेच्या कंपासपेटीतही असतो, तो फारसीतून आला, पण मुळात ग्रीक ‘गोनिया’, म्हणजे कोन. गिरमिट इंग्रजी ‘गिमलेट’चं. मजुरांना परदेशी नेणाऱ्या कराराच्या ‘गिरमिट’शी त्याचं नातं नाही, तो ‘अ‍ॅग्रीमेंट’चा अपभ्रंश. लाकूड चिकटवायचा सरस फारसी. त्याची जागा फेविकॉलने घेतली, तीही इतकी पक्की की ते कंपनीचं नाव आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. बारीक खिळ्यांना चुका म्हणतात, त्यामुळे कितीही चांगला सुतार असला तरी त्याच्या डब्यात चुका निघतातच. आणि ज्याच्यावर हे सारं चालतं त्या फळीला आपल्याकडे फळी म्हणायचं नाही. खानदेशी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून ती ‘फयी’.

या सरकत्या दाराने एका शब्दाला मात्र कामावरून काढलं: बिजागरी. गोव्यात आसगावला जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फ दालगादो (1855–1922) यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश 1913 साली प्रसिद्ध केला. बिजागरीचं मूळ त्यांनी पोर्तुगीज ‘बिसाग्रा’त दाखवलं. गुजरातीत तिचं मिजागरूं झालं. चावीही त्याच गलबतातून आली, ‘शाव्ह’वरून. कुलूप मात्र अरबी ‘कुफ्ल’चं, अक्षरं उलटीसुलटी होऊन बनलेलं. अरबी कुलपात पोर्तुगीज चावी फिरवून आपण संस्कृत कपाट उघडतो आणि त्याला अस्सल मराठी संसार म्हणतो. ते चूकही नाही.

आता हे बार्न म्हणजे काय? जुन्या इंग्रजीत ‘बेरे’ म्हणजे जव आणि ‘एर्न’ म्हणजे घर. जव साठवायचं घर. मराठीत त्याला कोणी खळ्यातलं कोठार म्हणेल, कोणी गोदाम. माझा हात ‘वखार’कडे जातो. सतराव्या शतकात खानदेशात धरणगावला इंग्रजांची वखार होती, ती कापडाची. आज वखार म्हटलं की लाकडाचीच डोळ्यांपुढे येते, आणि सुतार माल आणतो तोही तिथूनच. शिवाय असं वर टांगलेलं, चाकांवर सरकणारं दार खानदेशाला नवं मुळीच नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या शेडांना आणि कापसाच्या गोदामांना पत्र्याची तसलीच दारं असतात. उघडताना दार बाहेर आलं तर ट्रक लावायचा कुठे, हा तिथला सवाल. तोच सवाल अरुंद हॉलमध्ये सोफ्याचा असतो.

‘सरकणे’ आणि ‘सरणे’ ही घराणं संस्कृत ‘सृ’ धातूकडे जातात. (‘सरकार’ त्या घराण्यातलं नाही. ते फारसी, सर म्हणजे डोकं आणि कार म्हणजे काम. सरकण्याशी त्याचा व्युत्पत्तीने संबंध नाही, अनुभवानेही नाही.) जुन्या वाड्यांत दार सरकत नसे, सरकायचा तो अडसर: भिंतीतल्या पोकळीत ढकलून ठेवलेला जाड लाकडी दांडा, रात्री बाहेर ओढून दोन्ही कवाडांमागे आडवा घालायचा. नव्या कपाटात दारच आडवं सरकतं, अडसराची गरज उरत नाही. एक अडचण मात्र आहे. दार चौकटीच्या बाहेरून टांगलेलं असल्याने मध्ये फट राहते आणि खानदेशातली वैशाखातली धूळ त्या फटीतून खुशाल आत शिरते. मिस्तरी ते आधीच सांगून टाकतात. गिऱ्हाईक ऐकतंच असं नाही.

चौकटीचंही सांगायला हवं. ‘चतुष्काष्ठ’ म्हणजे चार लाकडं, त्याची चौकट झाली. आज ती प्लायची असते, वर सनमायका, आणि प्लायच्या पट्ट्यांना काष्ठ म्हणायला जीभ धजत नाही. पण चार बाजू आहेत तोवर नाव चालेल.

मग या नव्या सामानाला मराठीत म्हणायचं काय? ‘कन्सोल’ आपल्या जिभेवर बसणारा नाही, ‘दूरचित्रवाणी-मंच’ वगैरे कोणी सुचवू नये. बैठं घर असतं तसं हे बैठं कपाट, आणि दारं वखारीच्या दारासारखी. ‘सरकत्या कवाडांचं बैठं कपाट’ यावर माझा कौल. त्यात कवाड आणि कपाट हा एकच शब्द दोनदा येतो, याची मला अडचण वाटत नाही. दोन्ही रूपं आपण वेगवेगळ्या कामांना लावली आहेत, ती एकदा शेजारी दिसू द्यावीत. भडगावच्या पावतीवर तूर्त ‘टीव्ही युनिट’ असंच लिहून येतं.