एकदांडी: बांधावरच्या औषधाची कुळकथा

भांगलताना खुरपं बोटाला लागलं, की आजही कुणीतरी बांधाकडे वळतं. चार-पाच पानं खुडायची, तळहातावर चुरगळायची, अंगठ्याने दाबून निघालेला हिरवा रस थेट जखमेवर पिळायचा. क्षणभर झोंबतं. मग चोथा तसाच दाबून धरायचा, वरून चिंधी बांधायची आणि पुन्हा पातीला लागायचं. हा पाला एकदांडीचा. कुठे तिला कंबरमोडी म्हणतात, कुठे दगडी पाला. नावं अस्सल मराठी आणि वापर गावोगाव, त्यामुळे हे औषध ऋषिमुनींच्या काळापासूनचं असणार, असं आपण धरूनच चालतो.

तसं ते नाही. एकदांडी मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली ‘स्पीशिज प्लांटारम’मध्ये तिचं ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ असं नामकरण केलं, तेव्हा तिचं ठिकाण म्हणून मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझची नोंद केली. सुश्रुताने व्रणावर साठ उपक्रम सांगितले, पण त्याच्या औषधांत एकदांडी असणं शक्यच नव्हतं. ती तेव्हा समुद्रापलीकडे होती.

एकदा आल्यावर मात्र तिला इथे रुजायला कुणाच्या मदतीची गरज पडली नाही. जमिनीलगत पसरणारं खरबरीत, केसाळ खोड, दातेरी पानं आणि त्यातून सरळ वर निघालेली एक लांब दांडी. दांडीच्या टोकाला एकच फूल: मध्ये पिवळी चकती, भोवती मोजक्याच फिकट पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. फूल वाळलं की बियांना केसांचे झुबके फुटतात आणि वारा त्यांना नेईल तिथे त्या जातात. पडीक रान, रस्त्याची कड, मुरूम, भिंतीची फट, काहीही चालतं. अमेरिकेत तिची गणना उपद्रवी तणांत होते.

आपल्याकडे ती औषध झाली कशी? कोणत्याही पोथीने सांगितलेलं नसताना झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. शेतकरी बायका, गुराखी, मजूर यांनी एक परकं तण हाताळून पाहिलं, जखमेवर लावून पाहिलं, गुण आला म्हणून पुढच्याला सांगितलं. परंपरा म्हणजे फक्त जुनं जपणं, हा समज एकदांडी खोटा ठरवते. तिच्या मूळ भूमीतही लोकांनी हेच केलं होतं. ग्वाटेमालात तिला ‘इएर्बा देल तोरो’, म्हणजे बैलाचं गवत म्हणतात आणि त्वचेच्या संसर्गावर ती वापरतात.

मग ही वनस्पती प्रयोगशाळेत गेली. जखम तर आपोआपही भरते. मग पाल्याने भरली हे ओळखायचं कसं? त्यासाठी पांढऱ्या उंदरांवरच्या तीन परीक्षा रूढ झाल्या होत्या. पहिलीत भूल दिलेल्या उंदराच्या पाठीवरचा ठरावीक मापाचा कातडीचा तुकडा काढतात आणि दर काही दिवसांनी पारदर्शक कागद ठेवून जखमेची कड गिरवतात. आलेखाच्या कागदावर तिचं क्षेत्रफळ किती घटलं ते मोजतात आणि खपली पडायला किती दिवस लागले ते लिहून ठेवतात. दुसरीत सरळ चिरा देऊन टाके घालतात, ते काढतात आणि दहाव्या दिवशी सांधा किती ताण सोसतो ते पाहतात. चिरेची एक कड पक्की धरलेली, दुसरीला दोरीने भांडं अडकवलेलं, भांड्यात संथ धारेने पाणी सोडलेलं. ज्या क्षणी जखम उकलू लागते, त्या क्षणी धार बंद. भांड्यातल्या पाण्याचं वजन म्हणजे भरलेल्या जखमेची ताकद. तिसरीत कातडीखाली कापसाची गोळी किंवा नळीचा तुकडा ठेवून त्याभोवती वाढलेली नवी ऊती काढतात आणि तिच्यातलं हायड्रॉक्सिप्रोलीन मोजतात. कोलॅजन, म्हणजे जखम सांधणारं प्रथिन, किती तयार झालं, ते त्यावरून कळतं. प्रत्येक परीक्षेत औषध न लावलेल्या उंदरांचा गट शेजारी असतोच; त्याच्याशी तुलना केल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

एकदांडीची अशी परीक्षा पी. व्ही. दिवाण, एल. डी. टिल्लू आणि डी. आर. कुलकर्णी यांनी घेतली. त्यांचा निबंध 1982 साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. त्यांनी प्रश्न अवघडही करून पाहिला. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जखम भरणं मंदावतं. ते दिलेल्या उंदरांत एकदांडी काय करते? उत्तर सरसकट ‘हो’ आलं नाही. वरची त्वचा धरण्याची आणि सांध्याच्या ताकदीची जी पीछेहाट स्टेरॉइडने केली होती, ती एकदांडीने भरून काढली. जखम आकसण्यावर आणि नवी मांसल ऊती वाढण्यावर स्टेरॉइडचा जो लगाम होता, तो मात्र तिला सैल करता आला नाही. मला हे अर्धं यश पूर्ण यशापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. सगळ्यावर गुणकारी म्हणून मिरवणाऱ्या औषधाबद्दल शंका घ्यावी. हे कुठे चालतं आणि कुठे नाही, ते इथे नेमकं कळलं.

हळदीची गोष्ट याच्या उलट्या बाजूची आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 साली अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक असताना त्या संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि पेटंट रद्द झालं. तिथे जुने ग्रंथ आणि छापील निबंध कामी आले. एकदांडीच्या पाठीशी ग्रंथ नाहीत. जी माहिती आहे ती बांधावरच्या माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसं थकत चालली आहेत.

उंदरांवरचा पुरावा माणसांवरचा नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवं. खोल जखम, गंजलेलं लोखंड, मधुमेही माणसाच्या पायाला झालेली इजा अशा वेळी पाल्यावर विसंबू नका. रस्त्याकडेच्या पाल्यावर धूळ, शेण, फवारणीचं औषध असतं. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

आणि एक काम जरूर करा. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार तुमच्या गावाची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामपंचायतीत जाऊन ती उघडून पाहा. तिच्यात एकदांडी नसेल, तर गावातल्या जाणत्या बायकांना विचारून तिचं तुमच्याकडचं नाव, वापरायची रीत आणि त्यांची नावं लिहून घ्यायला सांगा.