राणीची बाग: भायखळ्याच्या झाडांचा इतिहास

भायखळा स्थानकाच्या पूर्वेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गालगत, वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. प्रवेशद्वारावरचे नाव बदलून कैक दशके लोटली, तरी मुंबईकराच्या तोंडी ती राणीची बागच राहिली. वाघ, हत्ती, माकडे आणि आता पेंग्विन पाहण्याचे ठिकाण अशीच तिची बहुतेकांना ओळख. प्रत्यक्षात बाग आधी आणि प्राणी नंतर आले. झाडे जमवण्यासाठी, ती जगवण्यासाठी आणि लोकांना दाखवण्यासाठी ही जागा घेतली गेली होती. मुंबईतल्या सार्वजनिक उद्यानांत तिचा मान फार जुना आहे, आणि तिचे खरे धन आजही तिची झाडेच आहेत.

या बागेची पूर्वपीठिका शिवडीत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात पश्चिम भारतासाठी 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी' म्हणजे शेती आणि बागायतीची संस्था स्थापन झाली आणि तिने शिवडीला आपली बाग लावली. अशा संस्थांमागे केवळ हौस नव्हती. कंपनी सरकारला कापूस, रंग, तेल, डिंक, लाकूड यांचे नवे स्रोत हवे होते. कोणते परदेशी रोप इथल्या हवेत धरते, कोणते मरते, कशाची निर्यात होऊ शकते, याचा तपास अशा बागांतून होई. शोभेची फुलझाडे आणि उपयोगाची झाडे एकाच आवारात वाढत. पुढे शहराला ख्रिस्ती दफनभूमीसाठी जागा हवी झाली, तेव्हा शिवडीची ती बाग त्या कामी गेली. शिवडीची दफनभूमी आजही दाट झाडीची आहे.

संस्थेला नवी जागा मिळाली ती माझगाव-भायखळ्याच्या 'माउंट' इस्टेटवर. १८६१ मध्ये तिथे आखणी सुरू झाली. सुरुवातीची जमीन सुमारे ३३ एकर होती. १८६२ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते 'व्हिक्टोरिया गार्डन्स' लोकांसाठी खुली झाली.

तो काळ मुंबईच्या अंगात वारे शिरल्याचा होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, आणि त्याची जागा भरून काढणारा कापूस मुंबई बंदरातून जात होता. पैसा पाण्यासारखा येत होता. फ्रिअरच्या कारकिर्दीत कोटाची तटबंदी पाडायला सुरुवात झाली. १८६४ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. एवढ्या माणसांना मोकळी हवा कुठे मिळणार, हा प्रश्न तेव्हा नवाच होता. श्रीमंतांच्या वाड्या आणि बंगल्यांच्या बागा शहरात पुष्कळ होत्या, पण त्यांच्या फाटकातून परक्याला प्रवेश नव्हता. किल्ल्याबाहेरचे मैदान फिरायला मिळे, परंतु तिथे सावली नव्हती. लावलेल्या झाडांखाली, आखलेल्या वाटांवरून, कोणाच्याही मालकीत न शिरता फिरायचे ही कल्पना सामान्य मुंबईकराच्या आयुष्यात आली ती या बागेमुळे.

बागेच्या उभारणीत ज्यांचे नाव पुढे येते ते जॉर्ज बर्डवुड. पेशाने डॉक्टर, आवडीने वनस्पतींचे आणि हस्तकलांचे अभ्यासक. मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वस्तूंची त्यांनी केलेली सूची १८६२ मध्येच प्रसिद्ध झाली. त्यांच्या जोडीला होते डॉ. भाऊ दाजी लाड. गोव्यातल्या पेडणे भागात जन्मलेले भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर होते. प्राचीन शिलालेख आणि नाणी यांचे ते जाणकार, आणि पुढे मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ. वडीलधारे म्हणून जगन्नाथ शंकरशेट होते. बागेच्या आवारात एक संग्रहालय असावे, ही या मंडळींची धडपड होती.

त्या संग्रहालयाची कथा बागेपासून वेगळी काढता येत नाही. आर्थिक उपयोगाच्या वस्तूंचा सरकारी संग्रह आधी कोटातल्या टाउन बरॅक्समध्ये होता. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला ती इमारत हवी झाली आणि संग्रहातल्या वस्तू अक्षरशः खिडकीतून बाहेर फेकल्या गेल्या. जे हाती लागले ते बर्डवुड यांनी सांभाळले. पुढे लोकवर्गणीतून कायमची इमारत बांधायचे ठरले आणि १८६२ मध्ये बागेत तिची पायाभरणी झाली. पण १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले, शेअर बाजाराचा फुगा फुटला आणि मुंबईतली मोठमोठी घराणी एका वर्षात बसली. वर्गणीचे आकडे कागदावरच राहिले. अर्धवट इमारत शेवटी सरकारी पैशाने पुरी झाली आणि २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' लोकांसाठी उघडले. जगन्नाथ शंकरशेट १८६५ मध्येच वारले होते. भाऊ दाजींना मात्र ते पाहता आले, आणि दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, तेही गेले. या संग्रहालयाला त्यांचे नाव मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून इमारतीचा जीर्णोद्धार केला. त्याला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातला वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला. मुंबईत जुनी वास्तू कशी जपावी याचा हा उत्तम धडा आहे.

बागेची मूळ आखणी त्या काळच्या इंग्रजी रुचीची होती. प्रवेशद्वाराची कमान रोममधल्या एका प्राचीन देवळाच्या खांबांवर बेतलेली. जवळच डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभारलेला घड्याळाचा मनोरा. आत लेडी फ्रिअर यांच्या नावाचा ग्रीक वळणाचा मंडप, काचघर, वाजंत्रीचा चौथरा. वाटा सरळ न ठेवता वळवलेल्या, म्हणजे पुढच्या वळणावर काय दिसेल याची उत्सुकता राहावी. या सगळ्या दगडी आणि लोखंडी साजापेक्षा मोलाचे काम माळ्यांच्या हातून झाले. त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत. दूरदेशांतून आलेली रोपे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या कोसळत्या पावसात त्यांनीच जगवली.

आता या झाडांविषयी थोडे सविस्तर, कारण बागेत गेलेला माणूस सगळ्यात कमी पाहतो ती झाडेच. तीन हजारांहून अधिक वृक्ष एवढ्याशा आवारात आहेत आणि त्यांतले कित्येक शंभरी ओलांडलेले आहेत. उर्वशीचे झाड मूळ ब्रह्मदेशातले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नॅथॅनिएल वॉलिक या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची ओळख जगाला करून दिली आणि गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नीच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव ठेवले. ब्रह्मदेशात ही फुले बुद्धाला वाहतात. लांब देठांवरून खाली लोंबणारे लाल-पिवळे घोस इतके देखणे असतात की मराठी नाव ठेवणाऱ्याने अप्सरेखेरीज दुसरे नाव का शोधले नाही, ते पाहताक्षणी कळते. मुंबईत ते थंडी ओसरताना फुलते. लावायला आणि वाढवायला हे झाड फार अवघड, म्हणून शहरात ते क्वचितच दिसते.

गोरखचिंच आफ्रिकेची. फुगीर बुंध्याचे हे झाड अरब व्यापाऱ्यांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आले असावे असे मानतात. कैलासपती दक्षिण अमेरिकेचा, पण त्याच्या फुलात शंकराची पिंडी आणि तिच्यावर धरलेला नागाचा फणा दिसतो, म्हणून तो शिवालयांच्या अंगणात आपलासा होऊन गेला. त्याची फुले आणि तोफगोळ्यांसारखी फळे फांद्यांच्या टोकांवर येत नाहीत, थेट खोडावर लागतात. मेणबत्तीचे झाड मध्य अमेरिकेतले, फळे खरोखरच पिवळसर मेणबत्त्यांसारखी लोंबतात. परदेशी पाहुण्यांच्या शेजारी इथला सीताअशोक आहे. माघ-फाल्गुनात त्याचे केशरी-लाल गुच्छ जुन्या फांद्यांवर फुटतात. ज्याला लोक अशोक म्हणतात त्या उंच सरळ झाडाचा आणि याचा संबंध नाही, हे इथे एकदा पाहिले की कायमचे लक्षात राहते. चैत्र-वैशाखात बहाव्याचे पिवळे झुंबर आणि ताम्हणाची जांभळी फुले येतात. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. मुंबईत वसंत येत नाही असे म्हणणाऱ्याने फेब्रुवारी ते मे या बागेत महिन्यातून एक फेरी मारावी. मोठ्या वृक्षांवर वटवाघळांची वसाहत आहे. कोणी पिंजऱ्यात न ठेवलेले हे प्राणीही बागेचे जुने रहिवासी आहेत.

१८७३ मध्ये सरकारी अनुदान थांबले, सोसायटी मोडली आणि बाग नगरपालिकेकडे आली. तेव्हापासून ती शहराच्या मालकीची आहे. १८९० मध्ये प्राणिसंग्रहासाठी आणखी सुमारे १५ एकर जमीन जोडली गेली. बागेचे रूप इथे बदलले. एव्हाना भायखळा, लालबाग, परळ, चिंचपोकळी हा सारा पट्टा गिरणगाव झाला होता. कोकणातून आणि देशावरून आलेल्या कामगारांची बिऱ्हाडे एकेका खोलीत दाटली होती. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन, डबा बांधून, चालत जाता येईल अशी जागा त्यांना मिळाली. एका व्हिक्टोरियन संस्थेच्या शास्त्रीय बागेचे अशा रीतीने कामकरी मराठी माणसाच्या जत्रेत रूपांतर झाले, आणि बागेच्या इतिहासातली ही सर्वांत चांगली घटना मानायला हवी. शाळांच्या सहली, गावाहून आलेले पाहुणे, नव्या कपड्यांतली लेकरे यांनी तिला जिवंत ठेवले.

शहराला जे कुठे ठेवावे कळले नाही तेही बागेत येत गेले. घारापुरीच्या धक्क्याजवळचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले, १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. त्याचे तुकडे भायखळ्याला आणून ठेवले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. तो आजही संग्रहालयाच्या अंगणात आहे. स्वातंत्र्यानंतर शहरातल्या चौकांमधून उतरवलेले राज्यकर्त्यांचे पुतळे इथे आले. १९६५ मध्ये काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्डही आला, ज्याच्यावरून काळा घोडा हा परिसर ओळखला जातो. कॉर्नवॉलिस, वेलस्ली यांच्या पुतळ्यांवर आता झाडांची सावली पडते.

पुढे मुंबईने आणखी उद्याने उभारली. मलबार हिलवर पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर हँगिंग गार्डन झाले. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची वसाहत आखताना मधे मोकळ्या बागा सोडल्या. १९२५ मध्ये शिवाजी पार्कचे मैदान खुले झाले. ही सगळी ठिकाणे शहराला हवीच होती, पण झाडांच्या विविधतेत राणीच्या बागेची सर कुणालाच आली नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्राणिसंग्रह जुना पडला. आखूड पिंजरे, सिमेंटची जमीन, एकटे पडलेले प्राणी पाहून येणाऱ्यांचा जीव हळहळू लागला. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे निकष पाळायचे तर मोठे बदल आवश्यक होते. २००७ च्या सुमारास महापालिकेने आंतरराष्ट्रीय धर्तीच्या प्राणिसंग्रहालयाचा शेकडो कोटींचा आराखडा पुढे आणला. त्यात जुन्या झाडांवर गदा येईल, हे काही जागरूक नागरिकांनी, विशेषतः वनस्पतींवर जीव असलेल्या स्त्रियांनी, ओळखले. त्यांनी बागेतल्या झाडांची नोंद केली, वारसा समितीपुढे बाजू मांडली, वर्तमानपत्रांतून लिहिले. मूळ आराखडा छाटला गेला. त्यांनी जे वाचवले त्याची किंमत रुपयांत करता येणार नाही, कारण दीडशे वर्षांचा वृक्ष निविदा काढून विकत मिळत नाही.

२०१६ मध्ये दक्षिण कोरियातून हंबोल्ट पेंग्विन आणले गेले आणि २०१७ च्या मार्चमध्ये त्यांचे दालन लोकांसाठी खुले झाले. गर्दी उसळली आणि त्याच वर्षी प्रवेश शुल्कही वाढले. प्राण्यांसाठी नवी, प्रशस्त आवारे बांधली गेली. हे चांगलेच झाले. तरी नव्या बांधकामाला जागा हवी म्हणून जेव्हा जेव्हा बागेतल्या मोकळ्या जमिनीकडे पाहिले जाते, तेव्हा ही मूळची वनस्पती-उद्यानाची जमीन आहे आणि प्राणी तिथे नंतर आले, हा क्रम विसरता कामा नये. झाडांच्या मुळांना लागणारी माती फरसबंदीखाली गेली की झाड लगेच मरत नाही, हळूहळू वाळते, आणि दोष कोणाच्याच माथी येत नाही.

महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचे फुलझाडांचे प्रदर्शन थंडीच्या अखेरीस याच बागेत भरते. त्या सुमारास उर्वशी आणि सीताअशोक बहरू लागतात. बाग बुधवारी बंद असते. इतर दिवशी सकाळी लवकर गेल्यास गर्दी कमी असते आणि झाडांच्या बुंध्यांवर लावलेल्या नावांच्या पाट्या निवांतपणे वाचता येतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी पेंग्विन पाहून झाल्यावर परत फिरण्यापूर्वी एक तास या झाडांसाठी जरूर राखून ठेवावा.