हुजूरपागेचा एक वर्ग

शाळांच्या इतिहासात वर्गाला सहसा स्थान मिळत नाही. संस्थापक, देणगीदार, इमारती आणि परीक्षांचे निकाल यांची नोंद साक्षेपाने होते. पण काही वर्षे एका बाकावर बसून मॅट्रिकनंतर पांगलेल्या मुली जुन्या हजेरीपटाबरोबर विस्मृतीत जातात. वास्तविक एखाद्या वर्गाची खरी निर्मितिक्षमता बक्षीस समारंभाच्या दिवशी कळत नाही. ती कळावयास तीस-चाळीस वर्षे जावी लागतात. पुण्याच्या हुजूरपागेतून १९२० नंतर बाहेर पडलेल्या एका वर्गाच्या बाबतीत हेच घडले.

पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा जेथे होती, तेथे ही शाळा उभी राहिली, म्हणून तिला हे नाव. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्या पुढाकाराने १८८४ साली मुलींचे हे हायस्कूल निघाले. मुलांच्या बरोबरीचा अभ्यासक्रम आणि दिवसभराची शाळा ही कल्पना त्या काळच्या पुण्याला सहजासहजी मानवणारी नव्हती. १८८७ साली ‘केसरी’तून या दोन्ही गोष्टींवर कडक टीका झाली. मुलींनी इतका वेळ घराबाहेर राहिल्यास गृहधर्माचे काय होणार, हा टीकाकारांचा खरा प्रश्न होता. कुटुंबसंस्था ढासळेल, ही धास्ती शाळेच्या पायाशीच होती. पुढे जे घडले त्याच्या संदर्भात ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या शाळेच्या वसतिगृहात सात वर्षांची एक मुलगी ब्रह्मदेशातून आली. तिचे वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीस होते. १९०५ साली मिंजान येथे तिचा जन्म झाला आणि तेथील महानदीवरून तिचे नाव इरावती ठेवण्यात आले. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या आईबापांच्या मनातील घालमेल निराळी सांगावयास नको. मुलीला जवळ ठेवावे तर शिक्षणाची आबाळ. दूर पाठवावे तर तिच्या बाळपणाला आपण मुकणार. करमरकरांनी दुसरा मार्ग पत्करला. त्याची किंमत लहान नव्हती, आणि ती मुख्यतः त्या मुलीनेच मोजली.

शकुंतला परांजपे याच वर्गात होती. केंब्रिजला १८९९ साली सीनिअर रँग्लरचा मान मिळविणारे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची ती मुलगी. दोघींची मैत्री जुळली आणि परांजपे दांपत्याने इरावतीला दुसरी मुलगी मानून घरी आणले. एका घरातून दूर आलेल्या मुलीला वर्गातल्या मैत्रिणीमुळे दुसरे घर लाभले. तेथे ग्रंथ होते, निर्भीड चर्चा होती आणि मुलीच्या बुद्धीला कुंपण घालणारे कोणी नव्हते. हे शाळेच्या अभ्यासक्रमात कोठे लिहिलेले नव्हते. तरी शाळा नसती, तर ते घडलेही नसते.

इरावती १९२२ साली मॅट्रिक झाली. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन तिने मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी विवाह झाल्यावर ती बर्लिनला गेली. तेथे तिचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेचे पुरस्कर्ते होते. मानवी कवट्यांची मोजमापे घेऊन इरावतीबाईंनी जो प्रबंध सिद्ध केला, त्यातील निष्कर्ष गुरूच्या गृहीताला दुजोरा देणारा नव्हता. १९३० च्या सुमारास, परक्या देशात, गुरूसमोर असे म्हणावयास विद्वत्तेइतकेच धैर्य लागते.

शकुंतलाबाईंनी केंब्रिजला गणिताची परीक्षा १९२९ साली दिली आणि काही काळ जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेत काम केले. १९३७ च्या ‘कुंकू’ चित्रपटात वृद्ध नवऱ्याच्या सुशिक्षित मुलीची, तरुण सावत्र आईच्या बाजूने उभी राहणाऱ्या चित्रेची भूमिका त्यांनीच केली. पुढे संततिनियमनाच्या प्रचाराला त्यांनी वाहून घेतले. त्या कार्याचे आद्य प्रवर्तक र. धों. कर्वे हे इरावतीबाईंचे थोरले दीर. ज्या विषयाचा उच्चारही असभ्य समजला जाई, तो विषय घेऊन शकुंतलाबाई बायकांशी सरळ बोलत. १९६४ ते १९७० या काळात त्या राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या.

दोघींचे मार्ग वरवर पाहता भिन्न. एकीने ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) लिहून भारतातील नातेसंबंधांची रचना उलगडली. दुसरीने घरात मुले किती असावीत हे ठरविण्याचा हक्क बाईच्या हाती देण्याचा प्रयत्न केला. परंतु दोघींचाही विषय एकच होता, आणि तो म्हणजे कुटुंब. १८८७ सालच्या टीकाकारांनी ज्या कुटुंबसंस्थेची काळजी वाहिली, तिचा शास्त्रीय विचार त्याच शाळेतील दोन विद्यार्थिनींनी केला. इरावतीबाईंनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) महाभारतातील माणसेही नात्यांच्या बंधनांत अडकलेली, चुकणारी, सोसणारी म्हणून पाहिली. त्या ग्रंथाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. सात वर्षांच्या वयात ज्या मुलीने रक्ताच्या नात्यापासूनचे अंतर आणि मानलेल्या नात्याची ऊब दोन्ही अनुभवली, तिने आयुष्यभर नात्यांचाच शोध घेतला, याचे नवल वाटत नाही.

१९७० साली इरावतीबाई गेल्या. शकुंतलाबाईंना १९९१ साली पद्मभूषण मिळाले आणि २००० साली त्यांचेही निधन झाले. त्यांच्या कर्तृत्वाचे सारे श्रेय शाळेला देणे अतिशयोक्तीचे होईल. प्राचार्यांच्या घरचा वारसा आणि स्वतःची बुद्धी यांचा वाटा मोठाच. पण शाळेने एक काम असे केले, जे वारसा किंवा बुद्धी करू शकली नसती. इरावतीच्या तीरावरची एक मुलगी आणि पुण्याच्या विद्वानाची एक मुलगी यांना तिने शेजारी बसविले.

बदलीच्या गावी मुलांसाठी शाळा शोधताना आपण निकालांचे आकडे विचारतो, आणि ते योग्यच आहे. मात्र आपली मुलगी तेथे कोणाच्या शेजारी बसेल, आणि तिच्यामुळे दुसऱ्या कोणत्या घराचे दार तिला उघडेल, हा प्रश्न आकड्यांत मावत नाही. दूरच्या मुलखातून आलेल्या वर्गमैत्रिणीला आपल्या घरात जागा करून देणे मात्र आपणांपैकी कोणालाही शक्य आहे. हुजूरपागेच्या त्या वर्गाचा इतिहास अशाच एका उघड्या दारापासून सुरू होतो.